पाय धरणारा शब्द

"पुस्तक जिथं तुटलंय, तिथला तळाचा शब्द तोंडाने म्हणायचा नाही. डोळ्यांनी बघायचा, पुस्तक मिटायचं आणि उठायचं."

गियोस दोम्लांकडे जुनी हस्तलिखितं वाचायला शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी अलिफ हे पहिलं अक्षर शिकवत नसत, हा नियम शिकवत. ओयदिनलाही तो तसाच शिकवला होता, आणि तिने तिथल्या तिथे विचारलं होतं, "का?"

दोम्लांनी चष्मा पुसला. "याला का नसतो."

ओयदिन ताशकंदहून इतिहासाची पदवी घेऊन बुखाऱ्याला परतली होती. विद्यापीठात प्रत्येक 'का'ला उत्तर मिळायचं. त्यातली बहुतेक उत्तरं पुढे खोटी ठरली ही गोष्ट वेगळी, पण मिळायचं. इथे मात्र म्हातारे दाढीवरून हात फिरवत आणि विषय मिटला असं समजत.

जुन्या पुस्तकांत पानांना आकडे नसतात. नक्कल करणारा पानाच्या तळाशी, अगदी कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द तिरका लिहून ठेवतो. दोरा तुटून पानं विखुरली तरी त्या शब्दावरून क्रम लावता येतो. त्या शब्दाला म्हणतात पोयगीर. पोयगीर म्हणजे पाय धरणारा. पुढचं पान जागेवर असलं की पोयगीर म्हणजे गरीब गाय. पुढचं पान हरवलेलं असलं की मात्र दोम्ला पुस्तक असं मिटत, जसं काही झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार लावताहेत.

सोव्हिएत युनियन मोडली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. तेव्हा घरोघरच्या भिंतींतून पुस्तकं बाहेर पडत होती. या अरबी लिपीतलं पुस्तक घरात सापडलं तर माणूस उचलून नेत, अशा दिवसांत आजोबा-पणजोबांनी ती विटांमागे चिणून टाकलेली. नातवंडांना त्यातलं एक अक्षर कळत नसे. जुनं पुस्तक म्हणजे कुराणच, असं धरून ती ते कपाळाला लावत, मुके घेत आणि कापडात बांधून दोम्लांकडे आणत. एका कुटुंबाने असं डोळ्यांत पाणी आणून आणलेलं पुस्तक घोड्यांच्या खरजेवरचं निघालं होतं. दोम्लांनी ते त्यांना सांगितलं नाही. ओयदिनने सांगितलं.

दोम्लांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांच्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीजवळ एक गादी होती. तिथं बसणारा दोम्लांसाठी मोठ्याने वाचून दाखवी, आणि दोम्लांच्या माघारी ती पेटी, ती पुस्तकं, ती सगळी खोली त्याचीच होणार हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. ओयदिनला ती जागा हवी होती. ठिपके न दिलेलं अक्षर 'ब' की 'न' की 'त', हे नुसत्या संदर्भावरून ओळखताना तिने डोळे सुजवून घेतले होते. आलेली दोन स्थळं परत पाठवली होती. जागा तिची होणार होती.

आणि मग लोबार आली.

तुरोब गवंडी एक पडकी भिंत उतरवत होता. पिठाच्या पोत्यात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन तो दारात उभा राहिला, मागे त्याची मुलगी. "पुस्तक तुमचं, दोम्ला. फक्त हिला तेवढं वाचायला शिकवा. हिच्या आजीने चोरून अक्षरं दाखवलीत, पण म्हातारी गेली आणि अर्धवट राहिलं."

तुरोब कामावर परत गेला, आणि दोम्ला भिंग आणायला आतल्या खोलीत गेले. लोबारने पुस्तक कपाळाला लावलं आणि उघडलं. शाळेत रशियन पुस्तकांवर वाढलेली पोर. तिने ते रशियन पुस्तकासारखंच डावीकडून उघडलं. उजवीकडून सुरू होणाऱ्या पुस्तकाचं अगदी शेवटचं पान तिच्यासमोर आलं. त्या गिचमिडीत एकच शब्द मोकळा, एकटा दिसत होता. तळाशी, कोपऱ्यात, तिरका.

"गाफ... फे... ते..." तिने बोटाने जोडलं, आणि तिचा चेहरा उजळला. "गुफ्त!"

गुफ्त म्हणजे 'म्हणाला'. घराघरांत दिवसातून शंभरदा तोंडी येणारा शब्द.

तो ओयदिनने ऐकला. तिच्याशिवाय कोणीच ऐकला नाही. तिच्या मनात पहिलं आलं ते एवढंच, 'हिला पुस्तक सुलटं धरता येत नाही, आणि ही शिकणार!' दोम्ला परत आले तेव्हा ती काही बोलली नाही. सांगायचं म्हणजे तो नियम खरा मानायचा, आणि तेवढी ती खुळी नव्हती.

हौजाचं पाणी गोठेपर्यंत लोबार ठिपक्यांशिवायची अक्षरं वाचायला लागली. तुतीच्या फांद्यांवर बर्फ साचलं तेव्हा ती असं काही वाचत होती की ओयदिनलाही बोट ठेवून अडखळत जावं लागे. त्या हिवाळ्यात गॅस येई न येई. सगळे संदलीभोवती बसत: मध्ये चौरंग, खाली निखाऱ्यांची शेगडी, वर जाड रजई, आणि चारी बाजूंनी पाय आत. एका बाजूला दोम्ला, एका बाजूला त्यांचे जुने मित्र हाशिम कोरी. त्यांना कुराण तोंडपाठ होतं, पण असलं धावतं हस्ताक्षर लागत नसे. खिडकीच्या बाजूला लोबार. तिच्या शेजारी ओयदिन, पानं उलटायला.

पानं उलटायला!

"वा, पोरी!" कोरी मान डोलावत. "जिभेवर मध आहे मध."

"मधाला माशा लागतात, कोरीबाबा," ओयदिन म्हणाली.

"आणि तुझ्या जिभेवर काय, लोणचं?" दाराशी नान मोडत बसलेल्या दोम्लांच्या बहिणीने, सनोबरबीबीने, विचारलं. दोघे म्हातारे खो खो हसले. लोबार हसली नाही. तिने ओयदिनच्या पियाल्यात चहा ओतला. तिचं ते साधेपण ओयदिनला सगळ्यात जास्त झोंबे. वाईट असती तर निदान मनसोक्त द्वेष तरी करता आला असता.

पुस्तक होतं शहराची जुनी बखर. शेवटच्या पानावर अमीराच्या हुकमावरून एका लेखनिकाला भिंतीत चिणत होते. त्याने काय लिहिलं होतं म्हणून, ते बखरकार सांगत नाही. विटा गुडघ्यापर्यंत आल्या, छातीपर्यंत आल्या, हनुवटीपर्यंत आल्या. मग गवंडी क्षणभर थांबला, लेखनिकाने तोंड उघडलं, आणि पान संपलं. तळाशी: म्हणाला. बस्स. दोम्लांनी उभ्या आयुष्यात या बखरीच्या जेवढ्या प्रती पाहिल्या होत्या, त्या सगळ्या याच शब्दाशी तुटत होत्या.

एके दुपारी ओयदिनने मुद्दाम पान उलटायला उशीर केला. लोबारला अडखळताना बघायचं होतं, एवढंच. पान संपलं. लोबार थांबली नाही. त्याच लयीत ती पुढे वाचत गेली. नजर खिळलेली संपलेल्या पानावर, आणि तोंडातून येत होतं पुढचं. तिने श्वास घेतल्यावर ओयदिनने पान उलटून पाहिलं. अक्षरन् अक्षर तेच.

पाठ करून येते, ओयदिनने ठरवलं. चोर कुठली. पण पुस्तक दोम्लांच्या पेटीत असे आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी तिने पानाचा कोपरा अंगठ्याखाली दाबूनच धरला. बाहेर ऊन होतं. बर्फावरून परतलेला लख्ख उजेड खिडकीतून आत येत होता. लोबारचा आवाज पानाच्या काठापर्यंत आला आणि काठावरून पलीकडे उतरला... त्याच क्षणी रजईखाली कोणीतरी ओयदिनचा घोटा धरला.

हळूच धरला. अंधारात भिंत चाचपावी तसा.

शेगडी तिथंच होती, निखारे लाल होते, आणि ती बोटं विहिरीतल्या दगडासारखी गार होती. त्यांच्यावर काहीतरी खरखरीत होतं, सुकलेल्या चुन्यासारखं. ओयदिनने वर पाहिलं. दोम्लांचे हात माळेवर होते. कोरींचे पियाल्याभोवती. लोबारचे पुस्तकावर. तिचे स्वतःचे...

तिने पान सोडलं. ते आपोआप उलटलं. घोटा सुटला.

"काय गं, सुई टोचली?" कोरींनी विचारलं.

"पायाला मुंग्या आल्या," ती म्हणाली.

अंगणात लोबार हात धूत होती. ओयदिनने तिला तुतीच्या बुंध्याशी गाठलं. "खरं सांग. कसं वाचतेस?"

लोबारने पाण्यातून हात काढले. "मी वाचत नाही, ओयदिनओपा," ती पुटपुटली. "मला वाचून दाखवतात. मी नुसती ऐकते आणि म्हणते."

"कोण दाखवतं?"

"दिसत नाही... मागे असतात. अगदी जवळ. मध्येच थांबलं की माझ्या तोंडात माती येते." तिने ओठ पुसले. बोटावर पांढरी भुकटी होती. "ओपा, मला यायचंच नाही आता. पण बाबांना केवढा अभिमान वाटतोय..."

कोणीही घाबरलं असतं. ओयदिनलाही तिथं घाबरायला हवं होतं. पण तिच्या पोटात जे पेटलं ते भय नव्हतं. 'एवढी वर्षं मी इथं डोळे फोडले,' तिच्या मनात आलं, 'आणि ते आले ते हिच्याकडे. माझ्याकडे का नाही?'

तशीच ती दोम्लांकडे गेली. ज्या नियमावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, तोच आता तिला कामाचा वाटला. नियम मोडणाऱ्याला दोम्ला घराबाहेर काढतील, दुसरं काय करतील?

"दोम्ला, लोबारने पहिल्याच दिवशी तो शब्द म्हटला होता. मोठ्याने. मी ऐकलाय."

दोम्लांची माळ थांबली. हाशिम कोरींनी पियाला खाली ठेवला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काय होतं ते कळायला ओयदिनला क्षणभर लागलं. राग नव्हता तो. भूक होती.

"म्हटला?" दोम्ला हळूच म्हणाले. "म्हणजे मग... पुढचं येईल?"

"ताशकंदवाल्या प्रोफेसरांनी जन्म घालवला," कोरी पुढे सरकून म्हणाले. "त्यांना नाही मिळालं. आपल्याला मिळेल, गियोस. आपल्याला!"

"आणि नियम?" ओयदिनने विचारलं.

"नियम पोरासोरांसाठी असतात," दोम्ला म्हणाले. "तुझं अक्षर चांगलं आहे. बोरू तासून ठेव. ती सांगेल ते तू लिहायचं."

म्हणजे गवंड्याची पोर बोलणार आणि ओयदिन तिची लेखनिक! नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ती बसली. पुढचं पान तिलाही हवं होतं, हे काही खोटं नव्हतं.

लोबारला दोघांनी खिडकीजवळून उठवून आपल्या मध्ये बसवलं. ती शेवटच्या पानापर्यंत आली, तळाचा शब्द म्हणाली, आणि पुढे काहीही लिहिलेलं नसताना वाचत राहिली. चिणला जाणारा माणूस बोलत होता. त्याने गवंड्याला शिव्या दिल्या नाहीत. चुना नीट मळलेला नाही एवढंच म्हणाला. विटांच्या फटीतून त्याला आपल्या गल्लीतलं कुत्रं दिसत होतं. दुपारमागून दुपार ओयदिन लिहीत गेली. लोबारचा आवाज जाड होत चालला, खोल होत चालला. मधूनमधून ती खोके आणि रुमालात पांढरं काही टाके. सनोबरबीबी दुधाचा वाडगा घेऊन आली तर दोम्लांनी तिलाच बाहेर घालवलं. "मध्ये मध्ये करू नकोस, बाई."

"पोर वाळत चाललीय, भाऊ."

"तू चहाचं बघ."

शेवटच्या दुपारी लोबारने मान वळवली. इतके दिवस तिची नजर पानावरून हलली नव्हती. आता ती सरळ ओयदिनकडे बघत होती, आणि डोळे तिचे नव्हते. फार वेळ उभं राहिलेल्या माणसाचे होते.

"मला वाचणारी तू, ऐक," ती म्हणाली. "उभा राहून राहून माझे पाय भरून आलेत. माझी जागा घेतेस का?"

ओयदिनचा बोरू ते लिहून थांबला. कागदही तिथंच भरला. लोबार पुढे बोलली नाही. तिचं तोंड उघडं होतं ते उघडंच राहिलं. तुरोब गवंडी आला आणि तिला कांबळ्यात गुंडाळून, लहानपणी उचलत असेल तशी, उचलून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. ओयदिन गेली तेव्हा संदली तापलेली होती. खिडकीजवळची गादी झटकून, नवा अभ्रा घालून ठेवली होती. लोबारची मधली बाजू रिकामी होती.

"बस," दोम्ला म्हणाले. "ही जागा आजपासून तुझी. सगळ्यांसमोर सांगतो. पेटीची किल्लीही तुझी."

ती बसली. गादी मऊ होती. पानांवर पडणारा उजेड इथून किती स्वच्छ दिसे, हे तिने आजवर शेजारून पाहिलं होतं. आज तो तिच्या स्वतःच्या हातांवर पडला. इतकं सोपं होतं तर.

मग तिने समोरचा कागद पाहिला. कालचाच, तिनेच लिहिलेला. शेवटची ओळ: माझी जागा घेतेस का? तिच्याखाली काल तिने काही लिहिलेलं नव्हतं. कागद वाळत घालताना तळ कोरा होता. आज तिथं, कोपऱ्यात, तिरका, एक शब्द होता. शाई ओली होती. अक्षर तिचं होतं. शेवटचा फराटा जरा लांब ओढायची सवयसुद्धा तिचीच.

हो.

"कोरींनी बघितलाय," दोम्ला म्हणाले. "एवढं अक्षर त्यांनाही लागतं. आम्ही उच्चारला नाही. प्रश्न तुला आहे."

"लोबार कशी आहे?"

"तोंड मिटत नाही तिचं," कोरी खाली बघत म्हणाले. "तुरोब ओला कपडा धरून बसलाय. बेटा, ती वाक्याच्या मध्यात अडकलीय. पुढचं पान आलं की सुटेल."

"आणि मी कुठं अडकेन?"

दोम्लांनी माळेचा मणी पुढे ओढला.

"मग तुम्हीच म्हणा ना," ओयदिन म्हणाली. "एवढासा तर शब्द आहे. इतकी वर्षं वाट बघितलीत. म्हणा, कोरीबाबा. दोम्ला, तुम्ही म्हणा. का नाही म्हणत?"

"माझं वय..." कोरी पुटपुटले.

"वय! पोरींचं वय बरं चालतं तुम्हाला! काल ती खोकत होती तेव्हा तुम्ही मला काय सांगितलंत? लिही. दूध बाहेर पाठवलंत. तुम्हाला पुढचं पान हवंय, आणि ते दुसऱ्याच्या तोंडातून हवंय."

दोम्लांनी हात वर केला. त्यांचे पांढुरके डोळे तिच्यावर नव्हते, तिच्या जरासं मागे कुठेतरी लागलेले होते. ते फार मऊपणे बोलले. इतक्या मऊपणे ते तिच्याशी कधीच बोलले नव्हते.

"ओयदिनजोन. रागावू नकोस. पानबिन सोडून दे. माझ्या एका साध्या प्रश्नाचं खरं उत्तर दे. तुला ही जागा हवी होती ना?"

ते उत्तर तिच्या तोंडात तयारच होतं. आज नाही, कित्येक वर्षांपासून. दोन स्थळं परत पाठवताना होतं, लोबारचं कौतुक ऐकताना होतं, आत्ता या गादीवर बसतानाही होतं. जीभ उचलली गेली. रजईखाली तिच्या दोन्ही पायांशी गार बोटं आली आणि थांबली. धरली नाहीत. वाट बघत राहिली.

खरं एवढंच होतं, आणि ते एका अक्षराचं होतं.

तिने ते गिळलं. दाताखाली वाळूसारखं काहीतरी करकरलं.

"नाही," ती म्हणाली. "नको होती. आत्ताही नको. वाचणार नाही, लिहिणार नाही, आणि माझ्या तोंडून तुम्हाला तो शब्द मिळणार नाही."

तिने पाय ओढून घेतले आणि उठून भिंतीशी उभी राहिली. कागद संदलीवर तसाच पडला होता, तळाशी ओला. कोरींनी काही बोलायला तोंड उघडलं आणि चटकन हाताने झाकलं. दोम्लांचे ओठ घट्ट मिटले गेले.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. सनोबरबीबीला यातलं काही माहीत नव्हतं.

"भाऊ, चहा आणू का?" तिने तिकडूनच विचारलं.

दोन्ही म्हातारे गप्प. या प्रश्नाचं उत्तरही तोच शब्द होता.

"अहो, आणू का चहा?"

आणि संदलीच्या रिकाम्या बाजूला, जिथं आता कोणीही बसलेलं नव्हतं, कोणीतरी हळूच श्वास आत घेतला... बोलायच्या आधी माणूस घेतो तसा.